साठ, पंचेचाळीस, पंचाहत्तर: बेरीज बरोबर, उत्तर चूक

प्रश्न असा होता: एका त्रिकोणाचा पहिला कोन तिन्ही कोनांच्या बेरजेच्या १/३ आहे. उरलेल्या मापाचा १/४ भाग म्हणजे दुसरा कोन. तर तिन्ही कोन काढा.

सातवीतल्या मुलीने लिहिले: पहिला ६०°, दुसरा ४५°, तिसरा ७५°. खाली ताळाही केला होता, ६० + ४५ + ७५ = १८०. शाळेच्या चाचणीत या उत्तरावर फुली पडली होती आणि शेजारी एक अक्षरही लिहिलेले नव्हते. वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टिचर, बेरीज तर बरोबर आली ना?"

बरोबर उत्तर ६०°, ३०°, ९०°. पहिला कोन गेल्यावर १२०° उरतात, त्यांचा पाव भाग ३०°. तिने पाव भाग काढला तो १८० चा.

मी डिचोलीत पाचवी ते आठवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. ही चूक दोन ओळींत दुरुस्त करून पुढे जाता आले असते. पण अशी चूक नीटनेटके काम करणाऱ्या, पायऱ्या लिहिणाऱ्या मुलांकडून होते, आणि ती पकडायला आपण मुलांच्या हातात दिलेले साधनच इथे निकामी ठरते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मुलीबद्दल थोडे. चौथीपर्यंत ती गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकली. पाचवीपासून, गोव्यात बहुतेकांचे होते तसे, माध्यम इंग्रजी झाले. घरी आजी रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते आणि नातीलाही वाचायला लावते. घराला लागून लहानसे कुळागर आहे, माड आणि पोफळी. अक्षर स्वच्छ, पाढे पाठ, गृहपाठ कधी चुकत नाही. 'मुलगी कच्ची आहे' म्हणून विषय संपवण्याची सोय इथे नव्हती.

ताळा का फसला

खरी मेख ताळ्यात आहे. तिसरा कोन तिने कसा काढला? १८० मधून ६० आणि ४५ वजा करून. आता पहिले दोन कोन बरोबर असोत की चूक, तिसरा वजाबाकीने काढला की तिघांची बेरीज १८० होणारच. दुसरा कोन तिने ४५ ऐवजी १७ लिहिला असता तर तिसरा १०३ आला असता आणि ताळा तेवढाच सुबक जुळला असता. ज्या संख्येच्या आधाराने उत्तर काढले, त्याच संख्येने ते तपासले तर उत्तराची तपासणी होतच नाही. झालीच तर वजाबाकीची होते.

कोनमापक लावून आकृती काढली तरी काही उघड होत नाही. ६०, ४५, ७५ चा त्रिकोण व्यवस्थित निघतो, रेघा मिळतात, कुठे फट राहत नाही. ६०, ३०, ९० चाही तसाच निघतो. कंपासपेटीतल्या दोन गुण्यांपैकी एकाचा आकार तोच आहे. दोन्ही खरेखुरे त्रिकोण. चूक त्रिकोणात नाहीच, ती त्रिकोण आणि प्रश्नातले वाक्य यांच्या मधल्या जागेत आहे, आणि तिथे कोनमापक पोचत नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच बॅचमध्ये होते. एका मुलाला साधा प्रश्न दिला होता: पहिला कोन बेरजेच्या १/३, दुसरा बेरजेच्या १/४, तिसरा किती? त्याने १/३ आणि १/४ यांची बेरीज २/७ केली. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. म्हणून तिसरा कोन १८० च्या ५/७, म्हणजे १२८ पूर्णांक ४/७ अंश. त्याला म्हटले, पहिले दोन कोन वेगवेगळे काढ. ६० आणि ४५ आले. मग १८० चे २/७ काढायला सांगितले. ते ५१ पूर्णांक ३/७. एकटा पहिला कोनच ६० आहे आणि दोघे मिळून ५१? त्याने स्वतःच पान उलटले आणि समच्छेद करून ७/१२ लिहिले. दिसायला ही चूक जास्त ढोबळ, पण त्रिकोणाने ती तिथल्या तिथे दाखवून दिली. मुलीची चूक वरच्या इयत्तेची आहे आणि त्रिकोण तिच्याबद्दल गप्प बसतो. फळ्यावर 'उत्तराची बेरीज १८० आली का पाहा' असे आपण सगळेच लिहितो. ते लिहिताना या दोन चुकांतला फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

कारणाचा शोध

गोव्यात सातवीच्या मुलाची शाब्दिक उदाहरणातली चूक दिसली की पहिले बोट माध्यमाकडे जाते. चाचणीतला प्रश्न इंग्रजीत होता, तेव्हा संशय रास्तच होता. मी तोच प्रश्न आकडे बदलून मराठीत लिहून दिला: पहिला कोन बेरजेच्या १/५, उरलेल्याचा १/६ दुसरा. तिने लिहिले ३६, ३०, ११४. पुन्हा तेच, दुसरा कोन १८० चा सहावा भाग. (यायला हवे होते ३६, २४, १२०.) 'उरलेल्याचा' या शब्दावर बोट ठेवून विचारले, म्हणजे काय ग? "पहिला कोन गेल्यावर जे राहते ते." अर्थ तिला ठाऊक होता, आणि ठाऊक असून हात १८० कडे गेला होता. चौथीतून पाचवीत जाताना माध्यम बदलल्याने मुलांचे गणितात किती हाल होतात ते मी रोज पाहते, त्याबद्दल माझी मते तीव्र आहेत. पण इथे भाषेला दोष दिला असता तर खरे कारण झाकले गेले असते.

दुसरा संशय १८० चाच. नियम नुसता पाठ आहे की कळलेला आहे? तिने जाड कागदाचा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडले आणि पट्टीच्या काठाला लावून एका सरळ रेषेत बसवून दाखवले. वर हेही सांगितले की शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली तर दोन्ही बाजूंचे व्युत्क्रम कोन खालच्या कोनांएवढे होतात. ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथात, पहिल्या पुस्तकातल्या ३२ व्या विधानाची सिद्धताही थोड्या वेगळ्या आकृतीने समांतर रेषेवरच उभी आहे. सातवीतल्या मुलीने अशी सिद्धता आपल्या शब्दांत सांगावी याचा मला आनंद झाला. म्हणजे इथेही कच्चेपणा नव्हता.

अपूर्णांकांची आकडेमोड? १८० चा पाव भाग आणि १२० चा पाव भाग दोन्ही तोंडी. २/३ चा १/४ विचारला तर २/१२ लिहून १/६ केले.

सुटे भाग सगळे ठीक होते. मग त्रिकोण बाजूला ठेवून मी विचारले: पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, येऊन गेला, १८० नारळ पडले. त्यांतला तिसरा हिस्सा आजीने व्यापाऱ्याला दिला. उरलेल्यांतला पाव हिस्सा घरात ठेवला. घरात किती?

"तीस." कागदाला पेन लागले नाही.

पंचेचाळीस का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "साठ गेले ना टिचर. ते आता कुठे आहेत?"

आकडे तेच, भाग तेच, वाक्याची घडणही तीच. पण नारळ पोत्यात भरून जातात आणि अंगणातला ढीग डोळ्यांदेखत लहान होतो. कोन कुठे जात नाही. ६० अंशांचा कोन काढला, त्याला कंस घातला, आकडा लिहिला, तरी तो आपल्या कोपऱ्यात बसून असतो आणि त्रिकोण आधी होता तेवढाच दिसतो. त्यावर डोक्यात चौकट करून ठेवलेला नियम: त्रिकोण म्हणजे १८०. पुढे येणारा प्रत्येक अपूर्णांक त्या चौकटीकडे धावतो.

हे स्पष्टीकरण मला पटले होते, पण तिच्याच वहीत त्याच्या विरोधातला पुरावा सापडला. समद्विभुज त्रिकोणाची उदाहरणे तिने आधीच सोडवली होती आणि त्यांत एकही चूक नव्हती. एक उदाहरण तर कौलारू घराच्या दर्शनी त्रिकोणाचे होते, माथ्याचा कोन १२०°, दोन्ही उतार सारखे. तिने १८० मधून १२० वजा केले, ६० ला दोनाने भागले, ३० आणि ३०. इथे उरलेल्याचे अर्धे तिने बिनचूक केले होते. कोन जात नाही म्हणून उरलेले दिसत नाही असे असेल, तर इथे कसे दिसले?

म्हणून एकच गोष्ट दोन रूपांत विचारली. आधी: समद्विभुज त्रिकोणाचा शिरःकोन ४०°, इतर दोन किती? उत्तर ७०, ७०. मग मध्ये दुसरी दोन-तीन उदाहरणे घालून: त्रिकोणाचा एक कोन ४०°, उरलेल्या मापाचा १/२ भाग म्हणजे दुसरा कोन, तिसरा किती? तिने लिहिले ९० आणि ५०. ताळा: ४० + ९० + ५० = १८०.

हे उत्तर पाहिल्यावर चित्र स्वच्छ झाले. समद्विभुजात 'वजा करा, दोनाने भागा' अशी रीत तिला शिकवलेली आहे, आणि रीतीत अपूर्णांक कुठे येतच नाही, भागाकार येतो. जिथे १/२ हे चिन्ह लिहिलेले दिसले तिथे रीत सुटली आणि चिन्हाने १८० ला हाक मारली. म्हणजे एकटा त्रिकोण दोषी नाही की एकटा अपूर्णांक. अपूर्णांकाचे चिन्ह आणि त्रिकोण एकत्र आले की 'कशाचा भाग?' हा प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले असते.

कागदाची पट्टी

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठच्या कोऱ्या बाजूची एक सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब पट्टी कापायची. एक सेंटिमीटर म्हणजे १० अंश, अख्खी पट्टी म्हणजे तीन कोनांची बेरीज. तिने पट्टीच्या तीन सारख्या घड्या केल्या. तिनाच्या घड्या पहिल्या फटक्यात जमत नाहीत, पुढेमागे सरकवून टोके जुळवावी लागतात. ते तिला तिचे करू दिले. घडीवर फाडून सहा सेंटिमीटरचा तुकडा वहीतल्या त्रिकोणाच्या पहिल्या कोपऱ्यात ठेवला, त्यावर ६० लिहिले.

आता तुझ्या हातात काय आहे? बारा सेंटिमीटर. प्रश्न पुन्हा वाच. तिने वाचला, हातातली पट्टी दुमडली, परत दुमडली. घडी तीनवर आली. तुकडा फाडून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला, ३०. राहिलेला नऊ सेंटिमीटरचा तिसऱ्या कोपऱ्यात, ९०.

मग मी तिला नवी, अख्खी १८ सेंटिमीटरची पट्टी दिली आणि चाचणीतला तिचा ४५ कुठून आला ते दाखवायला सांगितले. तिने ती चार पदरी दुमडून साडेचारचा तुकडा फाडला आणि तीनच्या तुकड्याशेजारी ठेवला. थोडा वेळ दोन्हींकडे पाहून म्हणाली, "हा तुकडा त्या पट्टीचा नाहीच." बरोबर. साडेचारचा तुकडा ज्या पट्टीचा पाव भाग आहे, ती पट्टी पहिला कोन फाडल्याक्षणी संपली होती.

पुढचा प्रश्न तिचाच होता: मग ४५ हा १२० चा कितवा भाग? ४५/१२०, म्हणजे ३/८. प्रश्नाने मागितला होता १/४, तिने दिला होता ३/८. हा खरा ताळा. बेरीज १८० येते का हे पाहून भागत नाही. प्रश्नातले एकेक वाक्य उचलून उत्तराला लावून पाहावे लागते. ३० हा १२० चा पाव आहे का? आहे. ४५ आहे का? नाही.

पट्टीचे श्रेय पट्टीला, पण तिच्यावर फार विसंबूही नये. हातात कागद असेपर्यंत मुले चुकत नाहीत आणि कागद ठेवला की जुनी वाट धरतात. चतुर्थीची सुट्टी आली, आठवडाभर माटोळी, आरत्या आणि पाहुण्यांत गेला. सुट्टीनंतर तशाच प्रकारच्या नव्या उदाहरणात तिने पुन्हा १८० ला गुणले. फरक एवढाच की या वेळी मी काही बोलण्याआधी तिला ते खटकले आणि तिने खोडले. खटकणे ही मोठी कमाई होती, पण परीक्षेच्या घाईत ती टिकेल याची खात्री नव्हती.

म्हणून लिहिण्याची एक सवय लावली. वहीत तीन रकाने: भाग, कशाचा, किती अंश. मधला रकाना भरल्याशिवाय गुणाकार करायचा नाही, एवढाच नियम. आमच्या उदाहरणात पहिल्या ओळीत येते १/३, 'तिन्हींच्या बेरजेचा, १८०', ६०. दुसऱ्या ओळीत १/४, 'उरलेल्याचा, १२०', ३०. ही सवय लागायला वेळ लागला. पहिले काही दिवस ती उत्तर आधी काढायची आणि मधला रकाना मागाहून भरायची, ज्याला काही अर्थ नाही. मी रकान्यांवर बोट ठेवून बसत असे. मुलांना हा छळ वाटतो, आणि तरी मी तो करते, कारण 'कशाचा' हा प्रश्न मनातल्या मनात विचारणे ज्यांना आधीच जमते त्यांनाच तो न लिहून चालतो.

याच्या जोडीला समद्विभुजाचा पूल कामी आला. 'उरलेल्याचे दोन सारखे वाटे' तिला येतच होते. तेच आधी 'उरलेल्याचा १/२' असे लिहिले, मग १/२ च्या जागी १/३, मग १/४. पहिला कोन तोच, उरलेले तेच, फक्त वाटे बदलत गेले. जे येते त्यालाच एक पायरी जोडली की मुलांचा हात सुटतो.

जिथे पूर्ण माहीतच नाही

'कशाचा' रकान्यात आकडा टाकता येतो तोवर काम सोपे. पुढचे उदाहरण तसे नव्हते: दुसरा कोन पहिल्याच्या २/३, तिसरा पहिल्याच्या ५/६. रकाने नव्हते त्या काळात तिने हे सोडवताना १८० चे २/३ म्हणजे १२० आणि १८० चे ५/६ म्हणजे १५० लिहून ठेवले होते आणि "दोघांचीच बेरीज २७० होते, प्रश्न चुकला आहे" असा शेरा मारला होता. इथे १८० ने तिला अडवले, कारण कुठलाच कोन वजाबाकीने काढलेला नव्हता. ताळा कधी बोलतो आणि कधी बोलत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला शोधून सापडले नसते.

रकाने आल्यावर तिने मध्ये लिहिले 'पहिल्या कोनाचा' आणि पुढे थांबली. पहिला कोन माहीत नाही, गुणायचे कशाला? इथे लगेच क्ष धरायला शिकवतात. मी आधी वाटे करायला लावते. तिसरे आणि सहावे भाग करायचे आहेत, तर पहिल्या कोनाचे सहा सारखे वाटे धर. दुसऱ्याचे चार वाटे, तिसऱ्याचे पाच. सगळे मिळून पंधरा वाटे, पंधरा वाट्यांचे १८० अंश, एका वाट्याचे १२. कोन ७२, ४८, ६०. मग क्ष धरून तेच पुन्हा केले, तेव्हा क्षचे २/३ म्हणजे काय हे तिला सांगावे लागले नाही.

त्याच संध्याकाळी नातीला न्यायला आलेली आजी पडवीत बसली होती. मी वाचून दाखवत होते: दुसरा कोन पहिल्यापेक्षा पहिल्याच्या निम्म्याने मोठा, तिसरा दुसऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाने मोठा. "म्हणजे दुसरा पहिल्याच्या दीडपट," आजी तिथूनच म्हणाली. तिच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकलेली आहे. मला त्या पाढ्यांचे एक वैशिष्ट्य फार मोलाचे वाटते: तिथे अपूर्णांक कधी एकटा उभा नसतो. दिडकीत पाचाचे साडेसात, सातांचे साडेदहा. दीड नेहमी कोणाची तरी दीडपट असते. नातीच्या पुस्तकात मात्र १/२ आधी सुटा भेटतो आणि त्याचा मालक नंतर शोधावा लागतो. जुने पाढे सगळेच्या सगळे परत आणा असे माझे म्हणणे नाही, पण निदान पावकी, पाऊणकी आणि दिडकी घरातली मोठी माणसे मुलांना सहज देऊ शकतात.

त्या उदाहरणात तिने तिसऱ्या कोनासाठी दुसऱ्याचा तिसरा हिस्सा घेण्याऐवजी पहिल्याचा घेतला. उत्तर आले पहिला कोन ४१ पूर्णांक ७/१३. तिने तडक खोडले. का खोडलेस? "असे विचित्र उत्तर नसते." दुरुस्त केल्यावर आले ४०, ६०, ८०: पहिला, त्याची दीडपट, आणि ६० ची तिसऱ्या हिश्शाने वाढ. उत्तर बरोबर आले, तरी खोडण्याचे कारण चुकीचे होते आणि ते तसेच सोडणे मला मान्य नव्हते. पुस्तकातले कोन पूर्ण अंशांत येतात कारण प्रश्न काढणारे तसे आकडे निवडतात. साठाच्या पटीत मोजण्याची पद्धत बॅबिलोनियातून आली, वर्तुळाचे ३६० भाग त्याच घरातले. त्यामुळे १८० ला २, ३, ४, ५, ६, ९, १०, १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो आणि प्रश्न काढणाऱ्याची चंगळ होते. पण ७, ८ आणि १३ यांनी जात नाही, आणि म्हणून त्या मापाचे त्रिकोण जगात नसतात असे नाही. तिला लगेच दिले: पहिला कोन बेरजेच्या १/८, उरलेले दोन सारखे. आले २२½°, ७८¾°, ७८¾°. तिने नाक मुरडले, पण ताळा वाक्यांना लावून पाहिला आणि उत्तर ठेवले.

प्रश्न काढणाऱ्यांना मात्र एक सांगावेसे वाटते. 'बेरजेचा १/४' आणि 'उरलेल्याचा १/४' अशी दोन उदाहरणे एकाखाली एक, बाकी आकडे तेच ठेवून द्या. एक आज आणि एक महिन्याने दिले तर मुलाला फरक दिसत नाही. शेजारी ठेवले की ४५ आणि ३० एकमेकांना प्रश्न विचारतात. आणि तपासताना चुकीच्या ४५ वर नुसती फुली न मारता शेजारी 'कशाचा?' एवढे एक अक्षर लिहिले तरी मुलाला घरी गेल्यावर काय शोधायचे ते कळेल.

शेवटी तिला चौकोन दिला. पहिला कोन चारींच्या बेरजेच्या १/३, उरलेल्याचा १/४ दुसरा, त्यानंतर उरलेल्याचा २/५ तिसरा. तिने रकान्यात क्रमाने ३६०, २४०, १८० लिहिले आणि १२०, ६०, ७२, १०८ असे कोन काढले. मग ताळा एकेका वाक्याचा. बेरीज तिने केली ती सर्वांत शेवटी, मी न सांगता.

आता तिच्यापुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीतले उदाहरण आहे. लीलावती ११५० ची, आणि उरलेल्याचा भाग, त्यातून उरलेल्याचा भाग अशा उदाहरणांचा तिथे 'शेषजाति' असा वेगळा प्रकारच केलेला आहे. म्हणजे ही अडचण आजची नव्हे. यात्रेकरूने जवळच्या धनातले अर्धे प्रयागला दिले, उरलेल्याचे २/९ काशीला, उरलेल्याचा पाव भाग वाटेत जकातीला, उरलेल्याचे ६/१० गयेला. ६३ निष्क (त्या काळची नाणी) राहिले ते घेऊन तो घरी आला. निघताना किती होते?

त्रिकोणात तिन्ही कोनांची बेरीज नेहमी माहीत असते, इथे एकूण किती हेच विचारलेले आहे. तिने मधल्या रकान्यात पहिल्या ओळीला प्रश्नचिन्ह घातले आणि खालून वर जायला सुरुवात केली. गयेला ६/१० दिले म्हणजे ६३ हे ४/१० आहेत. त्याआधी होते १५७½. अर्धा आकडा आला तशी थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी खोडले नाही. १५७½ हे कशाचे ३/४? २१० चे. २१० हे कशाचे ७/९? २७० चे. २७० हे अर्धे, म्हणून ५४०. एवढे तिने खालून वर चढून काढले. १/२, ७/९, ३/४ आणि ४/१० यांचा गुणाकार ७/६० होतो आणि ६३ हे कशाचे ७/६० एवढेच विचारले की काम एका ओळीत होते, हे अजून तिला दाखवलेले नाही. पुढच्या आठवड्यात दाखवीन, पट्टी आणि रकाने दोन्ही समोर ठेवून.